माहेरची सही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असा निरोप घेऊन आपल्या चिटणीसबाई माझ्याकडे आल्या, तेव्हा मी मेथी निवडीत बसले होते. विषय कोणता घेऊ, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "तुमच्या मनात असेल तो घ्या. घरातला, रोजचा, आपल्या बायकांच्या उपयोगाचा." मी म्हटले, "घरातला आणि रोजचा असा एक विषय माझ्या मनात पुष्कळ दिवस आहे; परंतु तो हळदीकुंकवाच्या तबकात शोभण्यासारखा नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "मग तोच सांगा." म्हणून आज तो सांगावयास उभी आहे. मी विदुषी नाही, वकीलही नाही. सत्तरी ओलांडलेली, सातारा जिल्ह्यातच माहेर आणि सासर असलेली एक सामान्य गृहिणी आहे. जे माझ्या हातून झाले आणि जे मला उशिरा कळले, तेवढेच सांगणार आहे.

आरंभ आपल्या मंडळापासूनच करते. आपली भिशी चालते. कोणी किती दिले, कोणाचे राहिले, कोणाची पाळी लागली, हे दर महिन्याला वहीत लिहिले जाते. वार्षिक सभेत खजिनदारबाई पापडाच्या डाळीपासून सतरंजीच्या भाड्यापर्यंत सारा हिशेब वाचून दाखवितात. हिशेब वाचला म्हणून आजवर कोणी कोणावर रुसले नाही. उलट एखाद्या महिन्यात वही लिहावयाची राहिली, तर त्याच महिन्यात कुजबुज सुरू होते. मैत्रिणींच्या पैशांत आपण इतक्या चोख आहोत. मग भावाबहिणींच्या बाबतीत हिशेबाचे नुसते नाव काढले, की आपल्याला पाप केल्यासारखे का वाटते? हा प्रश्न मला फार दिवस सलतो आहे. तो का, ते आता सांगते.

माझे माहेर वाईजवळ, कृष्णाकाठी. हळद आणि जोंधळा पिकविणारे शेतकऱ्याचे घर. आम्ही दोघी बहिणी आणि सर्वांत धाकटा भाऊ. त्याला आम्ही बापू म्हणतो. १९९१ साली माझे वडील वारले. वर्षश्राद्ध उरकल्यावर १९९२ च्या उन्हाळ्यात बापूचा निरोप आला, "चार दिवस राहायला या, तालुक्याला एक काम आहे." आम्ही दोघी मुलाबाळांसह गेलो. आईने आमरस केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी, बापू आणि गावातील दोन साक्षीदार असे तालुक्याच्या कचेरीत गेलो. बाकावर बसलो. नाव पुकारले गेले आणि कागद पुढे आला. मी पिशवीतून चष्मा काढला, तोच बापू म्हणाला, "आक्का, घरचाच कागद आहे. वाचायचं काय त्यात?"

मी चष्मा पुन्हा डबीत ठेवला आणि सही केली. धाकट्या बहिणीनेही केली. येताना बापूने आम्हा दोघींना इरकल साड्या घेतल्या. मुलांना भेळ दिली. त्या दिवशी कोणी आवाज चढविला नाही, कोणी जबरदस्ती केली नाही. तो दिवस खरोखर आनंदात गेला, हे मी मुद्दाम सांगते. कारण अन्याय म्हटला की कोणीतरी दुष्ट असला पाहिजे, असे आपल्याला वाटते. आमच्या घरात दुष्ट कोणी नव्हते.

त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात, हे मला मागाहून कळले. वडिलांच्या माघारी वारसांची नोंद झाली, तेव्हा आम्हा बहिणींची नावे सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात पडली होती. पुष्कळ घरांत अशीच रीत होती. त्या रकान्यातूनही ती काढावयाची, म्हणून हा कागद होता. ज्या अंगणात मी चालावयास शिकले, त्या घरच्या कागदावर मी आधी 'इतर' झाले होते. सही केल्यावर तेवढीही राहिले नाही.

कोणी विचारील, तुम्ही शिकलेल्या होता, मग वाचले का नाही? खरे उत्तर असे, की मला माहेर हवे होते. सासरी काही कमी नव्हते. तरी माहेर म्हणजे आपला हात धरणारे एक दार असते. वर्षातून चार दिवस तिथे कोणी आपल्याला उठवीत नाही, ताट कोणी वाढून देते, आणि आपण पुन्हा कोणाची तरी लेक होतो. वाचावयास मागितले, तर ते दार किंचित ओढले जाईल, अशी मला भीती वाटली. चार ओळी वाचण्याची किंमत माहेर असेल, तर ती मला परवडण्यासारखी नव्हती. तुमच्यापैकी ज्यांनी अशी सही केली आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

सही करून मी हिशेब सोडला, अशी माझी समजूत होती. बहिणीने असा हिशेब करू नये, आपण तो केला नाही, म्हणून मनातल्या मनात थोडी धन्यताही वाटे. परंतु पुढे काय झाले ते ऐका. भाऊबीजेला बापूच्या घरून साडी येई. मी तिचा काठ बोटांनी चाचपून पाही. ही कितीची असेल? वहिनीच्या अंगावरची कितीची? हळदीचे दर चढले, असे वर्तमानपत्रात वाचले, की घरी हळद किती आली याकडे माझे लक्ष जाई. माझ्या मुलीच्या लग्नात बापूने काय घातले, हे मी कोणाला सांगितले नाही, पण विसरलेही नाही. पुढे त्याने पंप बसविला, गोठा बांधला, तेव्हा तोंडाने 'छान झाले' म्हटले आणि मनात आकडा मांडला. बापूने मला कधी काही कमी केले नव्हते. मीच प्रत्येक गोष्ट तराजूत घालीत होते.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. ज्या घरात हिशेब बोलला जात नाही, त्या घरात हिशेब नसतो असे नाही. तो ज्याच्या त्याच्या मनात मांडला जातो. आणि मनातल्या वहीची बेरीज कधीच बरोबर येत नाही, कारण तीत आपण दिलेले तेवढे ठळक लिहितो आणि दुसऱ्याने सोसलेले आपल्याला माहीतच नसते.

येथवर मी सोसणारी बहीण होते. आता याच गोष्टीची दुसरी बाजू सांगते. ती सांगताना मान खाली जाते, पण ती गाळली तर आजचे बोलणे खोटे होईल.

माझे सासर कऱ्हाडच्या बाजूला. आमचे हे एकटे भाऊ आणि दोन बहिणी. थोरल्या वन्सं यांच्याहून मोठ्या, धाकट्या वन्सं पुण्यास. सासूबाई पूर्वीच वारल्या होत्या. २००६ साली मामंजी गेले. सहा एकर जमीन आणि गावातले घर मागे राहिले. वर्षाच्या आत आम्ही दोन्ही वन्संना बोलावले. पुरणपोळी मी केली. साड्या मी निवडून आणल्या, चांगल्या आणल्या. कचेरीत थोरल्या वन्संनी कागद हातात घेतला, थोडा डोळ्यांशी नेला आणि मला विचारले, "वहिनी, काय लिहिलंय हो यात?"

भगिनींनो, माझ्या तोंडून शब्द निघाले ते असे, "अहो वन्सं, घरचाच कागद आहे. वाचायचं काय त्यात?"

चौदा वर्षांपूर्वी जे वाक्य माझ्या कानांनी ऐकले होते, तेच माझ्या जिभेने परत केले. त्या क्षणी मला काही वाटलेही नाही. कागद घेऊन घरी आलो आणि मी पोळ्या तव्यावर टाकल्या. आपल्यावर झालेले आपण किती काळ लक्षात ठेवतो, आणि आपल्या हातून झालेले कसे पोळीबरोबर उलटून जाते!

पुढे २०१४ साली थोरल्या वन्संचे यजमान गेले. मुलाचा धंदा बसला होता, राहते घर गहाण होते. त्या पंधरा दिवस आमच्याकडे राहावयास आल्या. कधी काही मागितले नाही. भाजी निवडीत, देवापाशी बसत, कमी जेवत. आमच्या परसात एक लिंबाचे झाड आहे. ते मामंजींनी लावलेले. लहानपणी त्याला पाणी घालण्याची पाळी थोरल्या वन्संचीच होती, असे त्यांनीच मला पूर्वी सांगितले होते. एके दिवशी सकाळी त्या त्या झाडाखाली उभ्या होत्या. खाली चार-सहा लिंबे पडली होती. मला पाहून त्या म्हणाल्या, "वहिनी, यातली दोन लिंबं घेऊ का?"

मी "घ्या की" म्हटले आणि आत आले. आत येऊन मला उभे राहवेना. बापाने लावलेल्या, स्वतः पाणी घातलेल्या झाडाचे, खाली पडलेले लिंबू घ्यावयास त्या माझी परवानगी मागत होत्या. ती परवानगी देणारी मी कोण? आठ वर्षांपूर्वी मी त्यांना वाचू न दिलेल्या कागदाने मला ती मालकी दिली होती.

त्या रात्री मी यांच्याशी बोलले. हे शांत माणूस. म्हणाले, "कायद्यानं काय होतं, ते आधी विचारू." ओळखीच्या एका वकिलांकडे आम्ही दोघे गेलो. त्यांनी जे समजावले आणि पुढे मी जे वाचले, ते थोडक्यात आपल्यापुढे ठेवते.

आपल्या आज्यांच्या काळी हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा मिळाला तो १९३७ च्या कायद्याने, आणि तोही हयातीपुरता. मुलींना वडिलांच्या मिळकतीत वाटा द्यावा, यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडले. ते रखडले, आणि त्यांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचे एक मोठे कारण हे बिल होते. पुढे १९५६ साली हिंदू उत्तराधिकार कायदा झाला. त्याने स्त्रीला मिळालेली मिळकत पूर्णपणे तिची झाली आणि मुलगी वडिलांची वारस ठरली. परंतु वडिलोपार्जित जमिनीत मुलगा जन्मतः भागीदार असे आणि मुलगी नसे. महाराष्ट्राने यात १९९४ साली दुरुस्ती केली; पण ती त्या वर्षी २२ जूनला अविवाहित असलेल्या मुलींपुरती. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात मुलगी, लग्न झालेली असो वा नसो, मुलाप्रमाणेच जन्मतः भागीदार झाली. राहत्या घराची वाटणी मुलीने मागू नये, असे एक कलम जुन्या कायद्यात होते, तेही त्या वेळी काढून टाकले. वडील २००५ पूर्वी वारले असतील तर काय, याविषयी वाद चालला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात मिटविला. मुलीचा हक्क जन्माने आहे; त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याची अट नाही, असे न्यायालयाने सांगितले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री यांना धक्का लागत नाही. तसेच वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीचे मृत्युपत्र करून ठेवले असेल, तर ती त्याप्रमाणे जाते. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख घरांचा आहे. आपल्या मंडळातील मुसलमान व ख्रिस्ती भगिनींचे कायदे निराळे आहेत, परंतु मुलीला वाटा त्यांतही आहे.

आकडे मला भाकरीच्या हिशेबाने कळतात, म्हणून माझ्या माहेरचे उदाहरण देते. वडिलोपार्जित बारा एकर. मागे आई, बापू आणि आम्ही दोघी. १९५६ च्या कायद्याप्रमाणे आधी वडील, आई आणि बापू असे चार-चार एकरांचे तीन वाटे धरावयाचे. मग वडिलांच्या चार एकरांचे आम्हा चौघांत चार भाग. म्हणजे माझ्या वाट्याला एक एकर. तशाच घरात, तेवढ्याच जमिनीत, २००५ च्या दुरुस्तीप्रमाणे मुलीला तीन एकर येते. आणि सासरी २००६ साली तीन भावंडांत सहा एकर, म्हणजे प्रत्येकी दोन एकर. मी एक एकर वाचल्याशिवाय सोडले होते. वन्संकडून मी चार एकर वाचू न देता घेतले होते. माझा तोटा मी बावीस वर्षे मोजला आणि माझा नफा एकदाही मोजला नाही.

आम्ही काय केले ते सांगते; त्यात मोठेपणा मिरविण्याजोगे काही नाही. हक्कसोडपत्र एकदा नोंदले की ते सहजी फिरत नाही. म्हणून नवा कागद करावा लागतो. आम्ही दोन्ही वन्संना बोलावून घेतले आणि या वेळी आमच्या मुलालाही समोर बसविले. मी सर्वांदेखत सांगितले, की त्या दिवशी मी तुम्हाला कागद वाचू दिला नाही, ही माझी चूक झाली. धाकट्या वन्सं म्हणाल्या, "मला जमीन नको वहिनी. पण आज विचारलंत, हे पुष्कळ झालं." थोरल्या वन्सं काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या रडल्या. त्यांच्या नावे यांनी विहिरीजवळची एक एकर बक्षीसपत्राने करून दिली, रीतसर नोंदवून. ती आम्हीच कसतो आणि दर वर्षी खंड त्यांना पोचता करतो. आता तुम्ही म्हणाल, दोन एकर त्यांच्या, मग एकच का? तुमचे बरोबर आहे. मुलगा कुरकुरत होता, उसाचे कर्ज होते, अशी कारणे मला देता येतील. पण खरे कारण असे, की माझ्या मनाचा मोठेपणा एका एकरापाशी संपला. तरी एक झाले. पुढल्या खेपेला वन्सं आल्या, तेव्हा त्यांनी पिशवी भरून लिंबे तोडली आणि मला विचारले नाही. मला फार बरे वाटले.

मग माझ्या माहेरचे राहिले. २०१५ च्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी बापूपाशी विषय काढला. म्हटले, "बापू, मला जमीन मागायची नाही. पण त्या दिवशी मी चष्मा काढला होता, आणि तू मला वाचू दिलं नाहीस. ते मला इतकी वर्षं टोचतंय." तो चकित झाला. म्हणाला, "आक्का, मला वाटलं तुला सगळं ठाऊक आहे. तू कधी बोलली नाहीस." मग त्याने मला जे सांगितले, ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. वडील गेले तेव्हा सोसायटीचे कर्ज डोक्यावर होते. ते फेडण्यासाठी त्याने बैलजोडी विकली आणि दोन वर्षे दुसऱ्याच्या बैलांनी नांगरट केली. आईच्या शेवटच्या आजारात रात्री तो आणि वहिनी आळीपाळीने जागले. आम्ही दोघी फळे घेऊन जात होतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत होतो. ही बैलजोडी माझ्या मनातल्या वहीत कुठेच नव्हती. ती रात्रीची जागरणेही नव्हती.

त्या दिवशी आम्ही तिघे, म्हणजे तो, वहिनी आणि मी, दुपारपर्यंत बोलत बसलो. उठताना मी त्याला म्हटले, "ती एक एकर मी आज खरी सोडली." १९९२ साली सोडली होती ती न कळता सोडली होती, ते दान नव्हते. आपल्याजवळ काय आहे हे ठाऊक असून दिले, तरच ते दिले असे होते. मी त्याच्याकडून एकच गोष्ट मागून घेतली. त्याला एक मुलगा आणि एक मुलगी आहे. मी म्हटले, "तुझ्या लेकीपुढे कधी कागद ठेवलास, तर आधी तिच्या हातात चष्मा दे." तो हसला आणि म्हणाला, "तिला चष्मा नाही आक्का, ती मोबाइलवर सातबारा काढून मलाच दाखवते."

आता काही शंका नेहमी काढल्या जातात, त्यांविषयी दोन शब्द. मुलीच्या लग्नात खर्च केला, तिचा वाटा तिथेच गेला, असे म्हणतात. लग्नात मांडव आणि जेवणावळी झाल्या, त्यांत तिचे काय राहिले? हुंडा दिला असेल, तर तो देणे आणि घेणे दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. गुन्ह्याची पावती वाट्यात वळती करता येत नाही. दुसरे असे म्हणतात, की भावाने आईबापांना सांभाळले. हे मात्र खरे आहे, आणि याचे उत्तर आपण बहिणींनी दिले पाहिजे. वाटा मागावयाचा तर भारही घ्यावयास हवा. आईबापांना सांभाळण्याची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगितले आहे, आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही अपत्य म्हणजे मुलगा व मुलगी दोन्ही. आईच्या दवाखान्याच्या वेळी 'मी परक्या घरची' आणि सातबाऱ्याच्या वेळी 'मी या घरची', असे चालावयाचे नाही.

तिसरी शंका मोठी. वाटा मागितला तर माहेर तुटेल. काही घरांत खरोखर तुटते. मी ते नाकारीत नाही, आणि कोणा बहिणीने माहेरासाठी वाटा सोडला तर तिला मी हसणारही नाही. पण मागणे आणि विचारणे यांत फरक आहे. आपण निदान विचारू या.

म्हणून तुम्हा सर्वांपाशी माझे थोडेसेच मागणे आहे. सहीचा कागद कचेरीत पहिल्यांदा पाहू नका. मसुदा आधी घरी मागवा, रात्री निवांत वाचा, न कळले तर विचारा. त्याचे नाव वाटणीपत्र आहे, हक्कसोडपत्र आहे की बक्षीसपत्र, ते पाहा. तिन्हींचे परिणाम निरनिराळे. सातबारा आणि आठ-अ आता मोबाइलवर दिसतो. माहेरचाही पाहा आणि सासरचाही. फेरफाराची नोटीस आली, तर हरकत घ्यावयास १५ दिवसांची मुदत असते, ती पिठाच्या डब्याखाली ठेवू नका. पूर्वी सही केली असेल, तर त्या नोंदलेल्या कागदाची नक्कल मिळते, ती काढून एकदा वाचा. भांडावयाचे नसले, तरी आपण काय सोडले हे ठाऊक असावे. ज्या वर्षी घरात दुःख झाले, त्या वर्षी घाईने सही करू नका. आणि आईबाप असताना, सारी मुले समोर असताना, देणे, घेणे, कर्ज आणि सेवा सगळे एका वहीत मांडू द्या. आम्ही दोघांनी आमचे कागद मुलगा आणि मुलगी दोघांना एकाच दिवशी वाचून दाखविले. मुलगा पंधरा दिवस गप्प होता. मग बोलू लागला.

शेवटचे मागणे बहिणींकडे नाही, भावजयांकडे आहे. या सभागृहात बसलेली प्रत्येक बहीण कोणाची तरी वहिनी आहे. माहेरी आपण हात पसरतो आणि सासरी मूठ मिटतो. दोन्ही हात आपलेच. तुमच्या घरी कधी अशा कामाला वन्सं आल्या, तर पुरणपोळी जरूर करा, साडीही घ्या. परंतु त्यांनी कागद हातात घेऊन काय लिहिले आहे असे विचारले, तर मी जे बोलले ते बोलू नका. त्यांना उजेडात बसवा आणि वाचू द्या.

आता खजिनदारबाई वर्षाचा हिशेब वाचणार आहेत. तो नीट ऐका, आणि मग फराळाला बसू.